रोज एक, जेवणानंतर

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत सध्या एक बाटली फिरते आहे. बांबूपासून काढलेली सिलिका, ६० कॅप्सूल. केस, नखं, त्वचा, हाडं अशी चौफेर जबाबदारी अंगावर घेतलेली. झाकण उघडलं की वरच एक पांढरी पुडी: ‘सिलिका जेल, खाऊ नका’. तिच्याखाली कॅप्सूल: सिलिका, रोज एक खा. मागच्या मुंगीएवढ्या अक्षरांत ‘५५१’ हा आकडा. पावडरीच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेला हा पदार्थ, म्हणजे पुन्हा सिलिकाच. बाटली विकणाऱ्या काकूंना फरक विचारला. त्या म्हणाल्या, “अहो, आपली नॅचरल आहे.”

नॅचरलच हवी असेल तर ठाणे जिल्ह्यासारखा जिल्हा नाही. पारसिकच्या डोंगराचा काळा दगड वजनाने जवळपास निम्मा सिलिका. मुंब्र्याच्या आणि कल्याणच्या खाडीत सक्शन पंप लावून लोक रात्री-बेरात्री वाळूच्या रूपात हाच पौष्टिक माल उपसतात, आणि महसूल खात्याची माणसं मधूनच जाऊन पंप-बार्ज मोडून टाकतात. जनतेच्या नखांची सरकारला काही पडलेलीच नाही. घोडबंदर रोड आणि कल्याण-शीळ रस्त्यावर तर मेट्रोच्या कामाने घरपोच सोय केली आहे. दुचाकीवरून जाताना तोंड उघडं ठेवलं की झालं. खडी क्रशरवरच्या मजुराला हा डोस वर्षानुवर्षं फुकट मिळतो, फक्त पोटाऐवजी फुप्फुसात. त्यातून होणाऱ्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा होत नाही. त्या मजुराचे केस किती दाट झाले, हे विचारायला कुठलीही कंपनी गेलेली नाही.

पण खरी करामत आमच्या स्वयंपाकघरात आहे. दगडातून झिरपणाऱ्या पाण्यात थोडी सिलिका विरघळते, आणि अशी विरघळलेली सिलिकाच आतड्याला सहज शोषता येते. म्हणजे आमच्या बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्यातून, ज्याच्या नावाने आम्ही दर सर्वसाधारण सभेत शंख करतो, ती आपसूक येते. मग आम्ही आरओ मशीन बसवतो. ते पाण्यातली बहुतेक सिलिका गाळून मोरीत सोडतं. आणि त्याच निर्मळ पाण्याच्या घोटाबरोबर आम्ही सिलिकाची कॅप्सूल गिळतो. मशीनचा वार्षिक करार वेगळा, बाटलीचे पैसे वेगळे.

आमच्या आज्या या बाबतीत फारच मागासलेल्या. भात जमिनीतली सिलिका शोषून तुसात साठवतो. ते तूस जाळून केलेल्या राखुंडीने कल्याण-भिवंडीच्या गावांत माणसं दात घासायची. आजच्या बऱ्याच टूथपेस्टमध्येही घासायचं काम सिलिकाच करते, फक्त ट्यूबवर बर्फाळ डोंगर असतो. खोकला झाला की मधातून सितोपलादी. त्यात ८ भाग वंशलोचन, म्हणजे बांबूच्या पेरात साठलेली सिलिका. ज्याच्या पैशातून पुढे वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था उभी राहिली, त्या स्मिथसनने १७९१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या वंशलोचनाचाच रासायनिक अहवाल मांडला होता. तेव्हापासून बांबूत काय आहे हे जगाला ठाऊक आहे. आजीने मात्र ते खोकल्यापुरतंच दिलं. त्याने केस वाढतात असं सांगून शेजारणीला विक्रीच्या साखळीत ओढलं नाही.

काकूंकडे ‘रिसर्च’ आहे. तो खोटा नाही, लहान आहे. २००५ साली छापून आलेल्या एका चाचणीत ५० बायकांना २० आठवडे खऱ्या किंवा खोट्या गोळ्या दिल्या. खऱ्या गोळीच्या गटात त्वचेचा खडबडीतपणा आणि केस-नखांचा ठिसूळपणा काहीसा कमी झाला. पण त्या गोळीत होतं ते खास स्थिर केलेलं सिलिकिक आम्ल, रोज १० मिलिग्रॅम सिलिकॉन. बांबूची भुकटी नव्हे. सिलिकॉन रोज किती खावं याचा आकडा अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीलाही ठरवता आला नाही. काकूंनी ठरवला: रोज एक, आणि दोन बाटल्यांनंतर तिसरीवर सूट.

वहिनी-काकूंनो, ‘औषधी वापरासाठी नाही’ ही ओळ अशा बाटलीवर कायद्याने छापावी लागते. झाकण उघडण्याआधी ती वाचा. नखं तुटत असतील, केस गळत असतील तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. आपल्याकडे बायकांच्या अंगात कमी असतं ते बहुधा लोह. वाळू नाही.