खेळखंडोबा

आमच्या सिडकोतल्या गल्लीत नळाला पाणी आलं की घराचं लग्नघर होतं. कधी सहा दिवसांनी, कधी आठ. पहाटे साडेतीनला किंवा भर दुपारी. मुहूर्त महापालिका काढते. तिकडे पैठणला नाथसागर पसरलेला, आणि इकडे आम्ही पिंप, कळश्या, बादल्या झाल्यावर कुकरसुद्धा भरून ठेवतो. मागच्या खेपेला ह्या धावपळीत आमची साडेतीन वर्षांची नात मोरीत तांब्या आणि आमटीची वाटी घेऊन बसली होती. वाटीने तांब्या भरायचा, पालथा घालायचा, पुन्हा भरायचा. तिसऱ्या-चौथ्या फेरीला तिच्या लक्षात आलं की तांब्यात पाच वाट्या मावतात आणि सहावी जमिनीवर जाते. मग तिने सहावी मुद्दाम ओतली. दोनदा. खात्री करून घ्यायला.

आमच्या हिने तिला धपाटा घातला. पाणी सांडणं हा ह्या शहरात दखलपात्र गुन्हा आहे, त्यामुळे मीही मध्ये पडलो नाही. पोर दिवसभर नुसती खेळते, तिला वळण लागायला हवं, असं रात्री जेवताना ठरलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही शाळा बघायला निघालो.

शाळेचं नाव सांगत नाही. नावात ‘इंटरनॅशनल’ आहे आणि ती साताऱ्याच्या खंडोबाच्या बाजूला आहे. एवढ्या खुणेवर कुणाला सापडायची नाही. फाटकावर मोठी पाटी : ‘आम्ही खेळातून शिकवतो.’ आत गेल्यावर पोरीची मुलाखत. मुलाखत म्हणायचं नाही बरं का, ‘इंटरॅक्शन’ म्हणायचं. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची चाचणी घ्यायला मनाई केली आहे, पहिल्या वेळेला पंचवीस हजारांपर्यंत दंड आहे. पण तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. आमच्या नातीला अजून हक्क फुटलेले नाहीत, नुसते दुधाचे दात आहेत.

मॅडमनी नळाचं चित्र दाखवलं. “बेटा, नळातून काय येतं?”

“हवा,” नात म्हणाली.

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं.

मग आमच्या हातात वेळापत्रक आलं. रोज साडेदहा ते पावणेअकरा ‘फ्री प्ले’. म्हणजे पंधरा मिनिटं मोकळं खेळायचं, रांगेत. खेळणी कुलूपबंद काचेच्या कपाटात होती. “मुलं मोडतात हो,” मॅडम म्हणाल्या. गुरुवारी ‘वॉटर प्ले’. निळ्या टबात प्लॅस्टिकच्या पेल्याने पाणी ओतायचं, एकेकाला दोन मिनिटं. उद्देश : मापनाची पूर्वतयारी. ह्याची ॲक्टिव्हिटी फी वेगळी. मी हिच्याकडे पाहिलं, ही मोरीतला धपाटा आठवून छताकडे पाहू लागली.

ह्या खेळ-खेळ करणाऱ्यांचा मूळपुरुष फ्रेडरिक फ्रोबेल. त्याने १८३७ साली जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्ग गावी लहान पोरांसाठी खेळाची शाळा काढली. लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे, बागेत प्रत्येकाचा वाफा. पुढे तिला किंडरगार्टन, मुलांची बाग, असं नाव दिलं. १८५१ साली प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदीच घातली. ह्या खेळातून नास्तिक आणि क्रांतिकारक तयार होतील अशी भीती. शिवाय पुतण्याने लिहिलेलं पत्रक काकाच्या नावावर धरलं गेलं, असंही सांगतात. बंदी उठली १८६०ला, तोवर फ्रोबेल वारला होता. मला त्या सरकारबद्दल आदर वाटतो. चेंडूने खेळणारं पोर काहीतरी शिकतंय, हे त्यांना निदान कळलं होतं. त्यांनी बंदी घातली, आम्ही फी लावली.

आपल्याकडे ताराबाई मोडक होत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी काम केलं, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला. १९४५ला त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसोरीची साधनं महागडी, म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे असं गावात मिळेल ते साधन म्हणून वापरलं. आणि वस्तीवरची मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांना नावं न ठेवता बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ला केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ते नाव देशभर गेलं. नाव गेलं, अंगण मागे राहिलं. आता अंगणवाडीच्या ताईने एका हाताने पोरांचं वजन घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने ते ‘पोषण ट्रॅकर’मध्ये भरायचं. खेळ घ्यायला तिसरा हात शासनाने अजून मंजूर केलेला नाही.

आमचं अंगण कुठं गेलं विचाराल, तर त्याच्या खाली पाण्याचा हौद आहे आणि वर गाडी.

सरकार काही करत नाही असं मात्र म्हणू नका. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा आहे आणि त्यात खेळातून शिकवा असं स्वच्छ लिहिलंय. फेब्रुवारी २०२३मध्ये दिल्लीहून ‘जादुई पिटारा’ निघाला : खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रकार्डं. चांगलं आहे. असला पिटारा आमच्या लहानपणी प्रत्येक पोराच्या चड्डीच्या खिशात असायचा. गजगे, बांगडीच्या काचा, रिकामी काड्यापेटी. आई कपडे धुताना तो उकिरड्यावर फेकायची आणि संध्याकाळपर्यंत तो पुन्हा भरायचा.

असो. नातीला प्रवेश मिळाला. रोज गृहपाठ असतो. उभी रेघ म्हणजे ‘स्टँडिंग लाइन’, आडवी म्हणजे ‘स्लीपिंग लाइन’. ती काढता काढता पोर स्वतःच स्लीपिंग होते, मग उरलेल्या दोन ओळी आमच्या सूनबाई डाव्या हाताने काढतात, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. “सगळेच करतात बाबा,” ती म्हणते. तिचंही खरं आहे, बाकीच्या आया आता डाव्या हातानेही सुंदर रेघा काढायला लागल्यात.

ह्या गुरुवारी ‘वॉटर प्ले’ होता. सूनबाईंनी जास्तीचा फ्रॉक, टॉवेल, सगळं दप्तरात दिलं. शाळेचा टँकर आला नाही. मग मुलांना टबाचं छापील चित्र वाटलं आणि त्यातलं पाणी रंगवायला सांगितलं. नातीने पाणी तपकिरी रंगवलं. आमच्याकडे नळाला पहिली दहा मिनिटं तसंच येतं. घरी आलेल्या कागदावर लाल शाईने शेरा आहे : ‘रंगओळख कच्ची, पालकांनी लक्ष द्यावे.’ मी खाली सही करून पाठवून दिला.

आमच्या लाइनला पाणी आता सोमवारी. कुणाकडे त्याआधी येणार असेल तर कृपया कळवा. पोरीला घेऊन येतो, तांब्या-वाटी आमची.