रिकामा वार

जूनच्या अखेरीला आमच्या कॉलेजच्या आवारात विद्यार्थ्यांपेक्षा वडील जास्त दिसतात. वडील पुढे, मुलगा दोन पावलं मागे. फाईल मुलाच्या हातात, पण तिच्यात कुठला कागद कुठे आहे ते पाठ वडिलांना. मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा, उत्पन्नाचा, प्रत्येकाच्या झेरॉक्स, पासपोर्ट साईजचे फोटो आणि घरून आणलेली फेव्हिस्टिक. ही शेवटची वस्तू म्हणजे अनुभवी वडिलांची खूण. थोरल्या मुलीच्या अ‍ॅडमिशनला त्यांनी खिडकीवरची वाळलेली फेव्हिस्टिक पाहिलेली असते.

'विद्यार्थी मदत कक्ष' अशी पाटी लावलेल्या टेबलामागे मी दर वर्षी बसते. मुलाला नाव विचारलं तर उत्तर वडील देतात, तेही आडनावापासून. "कुठला विषय घ्यायचाय रे तुला?" असं विचारलं की मुलगा वडिलांकडे बघतो, वडील माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "सर, तुम्ही सांगाल तो." समोर साडी नेसलेली बाई बसली आहे हे त्यांना दिसत असतं. पण टेबलापलीकडचा माणूस म्हणजे सर, ही तालुक्याच्या कचेऱ्यांत मुरलेली सवय अशी एका सकाळीत जात नाही. मीही दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नाही.

त्यात 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आल्यापासून विषय निवडणं हाच एक स्वतंत्र विषय होऊन बसला आहे. एक मेजर, एक मायनर, एक ओपन इलेक्टिव्ह, शिवाय कौशल्याचा एखादा, मूल्यशिक्षणाचा एखादा, आणि मिळालेली क्रेडिट्स जमा करायला शैक्षणिक बँकेत खातं. बँकेचं नाव निघालं की वडील पिशवीतून पासबुक काढतात. एकांनी माझं सगळं निवेदन शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते झालं सगळं. पण ह्यातल्या कशात पास व्हायचं असतं?" इतका नेमका प्रश्न परिपत्रक काढणाऱ्यांनाही सुचला नसेल.

पुढचा कागद रॅगिंगचा. महाराष्ट्राने 1999 मध्येच रॅगिंगविरुद्ध कायदा केला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांपासून तर मुलाने आणि पालकांनी, दोघांनीही लिहून द्यायचं असतं. कागद हवाच. त्याच्यामागे किती घरांचं दुःख आहे ते ठाऊक आहे, त्यामुळे थट्टा त्या कागदाची नाही. पण बाथरूम कुठे आहे हे विचारायचीसुद्धा ज्याची छाती होत नाहीये, त्या पोराकडून 'मी कुणाला त्रास देणार नाही' अशी हमी घेताना हसू आवरावं लागतं.

मग दीक्षारंभ. आयोगाने 2019 मध्ये नवागतांच्या स्वागत-सत्राला हे नाव दिलं आणि तेव्हापासून आमच्या सभागृहाचे पंखे जुलैत दुरुस्त व्हायला लागले. मंचावर एकेक जण येतो आणि आपापली सोय समजावून सांगतो. ग्रंथपाल, जिमखान्याचे सर, एनसीसीचे, शिष्यवृत्तीचे, अंतर्गत तक्रार समितीच्या मॅडम, समुपदेशक. प्रत्येकाची सुरुवात, "मी फक्त दोनच मिनिटं घेणार आहे." एनएसएसचे सर 1969 पासून निघतात. त्या वर्षी, गांधीजींच्या जन्मशताब्दीला, 37 विद्यापीठांत ही योजना कशी सुरू झाली ते सांगून हिवाळी शिबिरापर्यंत येईतो पोह्यांच्या बशा वाटायची वेळ टळून गेलेली असते. माहिती सगळी खरी, सगळी उपयोगाची. फक्त त्या दिवशी पोराच्या डोक्यात प्रश्न एकच असतो: बाबांची गाडी किती वाजताची आहे?

गाडी सुटते. त्यानंतर जे सुरू होतं त्याला माहितीपुस्तिकेत 'कॅम्पस लाइफ' म्हणतात. पहिले काही दिवस नवलाईत जातात आणि मग येतो रविवार.

पुण्यातल्या मेसचा अलिखित कायदा असा, की रविवारी दुपारी फीस्ट आणि रविवारी संध्याकाळी सुट्टी. दुपारी पुऱ्या, मसालेभात, श्रीखंड नाहीतर बासुंदी, आणि "घे रे अजून एक, लाजतोस काय" म्हणणाऱ्या काकू. संध्याकाळी त्याच दाराला कुलूप. काकूंचं काही चुकत नाही. आठवड्यात एक संध्याकाळ पोळपाट न बघता काढायचा हक्क त्यांनाही आहे. जुन्या पोरांना हे ठाऊक असतं, ती दुपारीच दोन्ही वेळचं जेवून घेतात. नवा मात्र आठ वाजता हात धुऊन पोचतो, कुलूप बघतो, आणि त्याला आई आठवते.

माझं तर मत झालं आहे की घरची आठवण ही भावनेपेक्षा वेळापत्रकाची बाब आहे. सोमवारी सकाळी प्रॅक्टिकलला ती येत नाही. ती येते रविवारी सात ते नऊ. आणि नेमक्या त्या वेळेला समुपदेशन केंद्र बंद, दवाखाना बंद, ऑफिस बंद, मदत कक्षाच्या टेबलावर खुर्च्या उलट्या ठेवलेल्या. आमच्या सगळ्या सोयी सोमवार ते शनिवार, अकरा ते पाच, मधे जेवणाची सुट्टी. विद्यार्थ्याने त्या वेळेत दुःखी व्हावं अशी अपेक्षा आहे.

या शहराला ही गोष्ट नवी नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोकणातून, देशावरून शिकायला येणारी गरीब ब्राह्मण मुलं वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सात घरं मिळाली की आठवडा भरला. पाचच मिळाली तर उरलेल्या दिवशी माधुकरी, नाहीतर सक्तीची एकादशी. त्या काळच्या आठवणींतून वाराच्या घरांबद्दल पुष्कळ वाचायला मिळतं. कुठे तूप वाढताना हात आखडायचा, कुठे आजी घरच्या नातवाआधी वाराच्या मुलाला वाढायची. मला कुतूहल आहे ते न लागलेल्या वारांचं. त्या दिवशी पोरगं कुठे जात असेल? माझा अंदाज, दुसऱ्या तसल्याच पोराच्या खोलीवर. दोघं मिळून चणे-फुटाणे खात असतील आणि ज्यांच्याकडे वार लागले आहेत त्या घरांची यथेच्छ निंदा करत असतील. मैत्री म्हणून जी काही गोष्ट असते ती अशाच दिवशी जुळते. भरल्या वारी जो तो आपापल्या पाटावर.

अर्थात ही वाराची सोयसुद्धा जातीच्या उंबरठ्याआतली. बाकीच्यांचे सातही वार रिकामे. म्हणून तर शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहांना हात दिला: मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी 1908 चं मिस क्लार्क बोर्डिंग. त्याच कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसवणारं बोर्डिंग काढलं. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. त्या मुलांच्या जेवणापायी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने घालवले, मंगळसूत्रासकट. विद्यार्थी-सुविधांच्या अहवालाचे रकाने मी दर वर्षी भरते. हा खर्च कुठल्या शीर्षाखाली दाखवायचा, ते मला अजून कळलेलं नाही.

पुण्यातही 1955 मध्ये अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती काढली आणि खेड्यातून आलेल्या मुलांच्या डोक्यावर छप्पर आलं. पण भाऊरावांची आमच्यापर्यंत थेट पोचलेली देणगी म्हणजे कमवा आणि शिका. आजही मुलं त्यात रोज काही तास काम करतात, कुणी ग्रंथालयात, कुणी बागेत, कुणी ऑफिसात. त्यातला ऑफिसात बसणारा मुलगा फार मौल्यवान. खिडकीच्या दोन्ही बाजू पाहिलेला अख्ख्या कॉलेजातला तो एकटा माणूस. गेल्या वर्षीचा आमचा मुलगा मराठवाड्यातला, स्वतः शिष्यवृत्तीवर शिकणारा. खिडकीशी कुणी रडवेलं होऊन आलं, की हा खुर्ची मागे सरकवून बाहेर यायचा. "पैसे नाही आले? खातं आधारशी लिंक आहे म्हणतोस, पण सीडिंग झालंय का? ते वेगळं असतं. बँकेत जाऊन सीडिंग म्हणायचं, लिंक म्हणालास तर ते आहे म्हणून परत पाठवतात." हे ज्ञान शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर नसेल असं नाही. पण पोर्टल खुर्ची मागे सरकवून बाहेर येत नाही.

सोयीचं दार कुठे आहे यालाही महत्त्व असतं, हे मी समुपदेशन केंद्रावरून शिकले. आधी ते कॅन्टीनसमोर होतं. चहा पिणाऱ्या सगळ्यांच्या देखत 'मानसिक आरोग्य' लिहिलेल्या दारातून आत शिरणार कोण? वर्षभर कुणी फिरकलं नाही. अहवालात 'तक्रारी: निरंक' असं लिहून मोकळं होता आलं. पुढे कॅन्टीन वाढवायचं ठरलं, म्हणून केंद्राची उचलबांगडी ग्रंथालयामागे झेरॉक्सच्या टपरीशेजारी झाली. शहाणपणाचा त्यात काडीचा संबंध नव्हता. पण झेरॉक्सच्या रांगेत उभा असलेला मुलगा कधी हळूच डावीकडच्या दारात सरकला ते कुणाला कळत नाही, आणि केंद्र चालायला लागलं. पुष्कळ जण 'मित्रासाठी' विचारायला येतात. समुपदेशक बाई मित्राची आस्थेने चौकशी करतात. मित्राला झोप लागते का, मित्र वेळेवर जेवतो का, मित्राच्या घरी कोण कोण असतं. दोन-तीन भेटींत मित्र आपोआप गळून पडतो.

2022 पासून टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांकही आहे. रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. रविवारी रात्री आठ वाजता उघडी असलेली ही एक सरकारी खिडकी. मी तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. जून-जुलैत मुलांना तो कुणाचा तरी परीक्षा क्रमांक वाटतो. ऑक्टोबरात मी फळा पुसताना चुकून तेवढा पुसला, तर मागच्या बाकावरून आवाज येतो, "मॅडम, तो राहू द्या."

आणि कुठल्याच सोयीत न मोडणारी सोय म्हणजे नाटकाची तालीम. 1963 पासून पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा या शहरातल्या कॉलेजांचा पावसाळा खातेय. तालमीला हॉल मोकळा मिळतो तो रविवारी संध्याकाळी, म्हणून नेमकी त्याच वेळी मेसच्या कुलुपावरून परतलेली नवी पोरं तिथे अडकतात. अभिनयाशी त्यांचा संबंध नसतो. कुणीतरी दादा म्हणतो, "ए, तू नवा ना? ती खाट धर जरा." खाट धरली की माणूस बॅकस्टेजचा झाला. मग वडापाव त्यालाही मिळतो, रात्री बारापर्यंत पडद्याला टाके घालायचं काम त्यालाही मिळतं, आणि ज्याने दीक्षारंभात स्वतःचं नाव सांगताना घसा खाकरला होता, तो भरत नाट्य मंदिरात 'अरे आवाज कुणाचा' म्हणून असा गर्जतो की शेजारच्या कॉलेजची मुलं वळून बघतात. त्या मुलाच्या हजेरीची मात्र त्या दिवसांत कुणी चौकशी करू नये.

यंदा वसतिगृहातल्या मुलांनी नव्यांसाठी एक कागद तयार केला आणि शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आणला. वर मथळा, 'रविवार संध्याकाळ'. खाली यादी. रविवारी रात्री थाळी कुठे मिळते आणि तिथली आमटी का घेऊ नये. मेडिकलचं कुठलं दुकान उशिरापर्यंत उघडं असतं. थर्मामीटर खोली क्रमांक 12, इस्त्री 17, अकाउंट्सच्या जुन्या नोट्स 9, पण परत न केल्यास नाव भिंतीवर लागेल. सीडिंगबद्दल विचारायचं असल्यास 26. आणि सगळ्यात शेवटी: 'रडू येत असल्यास 21. काही विचारत नाहीत. चहा करतात.'

शुद्धलेखनाच्या चुका मी दुरुस्त केल्या आणि मंजुरीसाठी कागद रेक्टरांकडे गेला. रेक्टर नियमाचे पक्के. त्यांनी 'चहा करतात' खाली लाल रेघ मारली, कारण खोलीत किटली, हीटर, इंडक्शन यांपैकी काहीही बाळगायला मनाई आहे. मुलांनी ते खोडून 'चहा मिळतो' असं केलं. रेक्टरांनी ते दोनदा वाचलं, 21 नंबरच्या मुलाला वर मान करून नीट न्याहाळलं, आणि सही केली.