बिऱ्हाड हलवावे की न हलवावे : निवृत्तांसाठी सुधारित कार्यपद्धती

निवृत्तीनंतर कुठे राहायचं हा निर्णय निवृत्तीच्या आधी घेऊ नये. राज्य सरकारच्या नोकरीत साधारण 58 व्या वर्षापर्यंत आणि बँकेत किंवा केंद्रात 60 पर्यंत, रोज सकाळी उठून कुठे जायचं हे माणसाला दुसरं कुणीतरी ठरवून देत असतं. ती सवय एका दिवसात सुटत नाही. तेव्हा आधी निरोप समारंभ होऊ द्यावा. शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ हातात पडलं की साहेब विचारतात, "मग, आता पुढे काय?" त्यावर "आता गावी जाऊन राहू म्हणतो," असंच उत्तर द्यावं. टाळ्या पडतात. आवक-जावक विभागातल्या एखाद्याला गहिवरून येतं. हे विधान कोणत्याही कायद्याने बंधनकारक नाही, आणि ते खरं केलंत का हे बघायला ऑफिसातलं कुणी नंतर घरी येत नाही.

प्रस्तुत कार्यपद्धतीत अर्जदार म्हणजे डोंबिवलीत, बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा, साठी ओलांडलेला सपत्नीक गृहस्थ धरला आहे. मूळ घर कुडाळच्या पुढे, मुलगा बंगळूरला, मुलगी न्यू जर्सीत एडिसनला. आपला तपशील वेगळा असल्यास गावांची नावं बदलून घ्यावीत. बाकी फारसं बदलावं लागत नाही.

गावच्या घराची पाहणी मे महिन्यात करू नये. मे महिन्यात कोकणात राहायला नको म्हणणारा अजून जन्माला यायचाय. ओटीवर वारा, अढीत आंबे, घरभर पाहुणे आणि त्या सगळ्यांसाठी पहाटेपासून राबणारी चुलतवहिनी; हे सारं निसर्गानेच दिलेलं आहे असा तेव्हा समज होतो. पाहणी जुलैत करावी. आठवडाभर पाऊस थांबलेला नाही, भिंतीला हात लावला तर हाताला ओल, ट्रंकेतल्या शालीवर हिरवट बुरशी, लाइट पहाटे गेलेले आणि वायरमनचा फोन बंद. माकडांनी सरकवलेल्या कौलातून पाणी नेमकं देवघरात पडतंय, आणि खाली पातेलं ठेवावं तर ते दर अर्ध्या तासाने रिकामं करायला उठावं लागतंय. शाकारणीला माणूस पावसाआधी मिळवावा लागतो, तोही निदान चार वेळा बोलावून, हे ज्ञान अशाच एका रात्री होतं. तरीही सकाळी पेज आणि भाजलेला सुका बांगडा समोर आल्यावर "इथेच राहावं" असं वाटलं, तर गावचा अर्ज पहिल्या छाननीत पात्र समजावा.

दुसऱ्या छाननीसाठी सातबारा काढावा. तो आता घरबसल्या मोबाइलवर दिसतो, त्यामुळे मनस्तापासाठी तलाठ्याकडे जावं लागत नाही. आजोबांच्या मागे वारसनोंदी होत होत घराखालच्या गुंठ्यांना इतकी नावं चिकटलेली असतात की आपलं सापडायला चष्मा पुसून घ्यावा लागतो. काही वारस हयात नाहीत, एक बडोद्याला होता असं म्हणतात. मात्र खरा निर्णय कागदावर नसून घराची किल्ली ज्याच्याकडे आहे त्या चुलतभावाच्या हातात असतो. "यंदापासून इकडेच येतोय," असं म्हटलं की तो म्हणतो, "ये मा, घर तुझाच आसा." हे तो मनापासून म्हणतो. त्या वेळी वहिनी कुठे बघते तिकडे लक्ष ठेवावं. तिची नजर मागच्या पडवीतल्या खोलीकडे गेली, तर तुमच्या खोलीत सध्या सोलं, सुपारी आणि वर्षाचं भात आहे असं समजून घ्यावं. आजारपणाचं विचारलंत तर सगळे एका आवाजात "बांबोळी" म्हणतील. दुखणं मोठं असलं की तळकोकणातला पेशंट बऱ्याचदा राज्याची हद्द ओलांडून गोवा मेडिकल कॉलेजात नेला जातो, हे तिथे इतकं सवयीचं आहे की त्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटत नाही.

प्रवास-सवलतींचा अभ्यास या टप्प्यावर करावा. एसटीत 65 पासून अर्धं तिकीट. 75 पूर्ण झाली की 2022 पासून प्रवास फुकट. बायकांना 2023 पासून कुठल्याही वयात अर्धं. रेल्वेत ज्येष्ठांना मिळायची ती सवलत मार्च 2020 मध्ये करोनात थांबली, ती थांबलीच. याचा अर्थ एवढाच की आपण महाराष्ट्रात हिंडतं राहावं अशी राज्याची इच्छा आहे आणि घरी बसावं अशी केंद्राची. शिवाय गाड्यांचं आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. मुलाच्या घरून रागावून परतायचं झाल्यास आणि सीट कन्फर्म हवी असल्यास, राग दोन महिने आधी यायला हवा. पेन्शनची सबब मात्र सांगू नये. हयातीचा दाखला 2014 पासून डिजिटल पद्धतीने देता येतो. सरकारच्या लेखी माणूस आता कुठूनही जिवंत राहू शकतो.

मुलाकडे जायचं, तर प्रथम बोलावण्याची प्रतवारी करावी. "या ना कधीतरी" हे बोलावणं नव्हे, ती फोन ठेवण्याची पूर्वसूचना आहे. "आता कायमचे इकडेच या" हे मुलाने गणपतीत, उकडीचे मोदक खाताना म्हटलेलं असेल तर निम्मं धरावं. सुनेने आपण होऊन फोन केला आणि "आई, तुम्ही कधी येताय?" असं तारखेसकट विचारलं, तर मात्र बोलावणं पक्कं. कॅलेंडर काढून पाहावं : बाळंतपण तरी जवळ आलेलं असतं, पाळणाघर तरी बंद पडलेलं असतं. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. प्रेमापोटी बोलावलेल्या माणसाला तिसऱ्या आठवड्यात आपण इथे नक्की काय करतोय असा प्रश्न पडतो. गरजेपोटी बोलावलेल्याला तो नातू पहिलीत जाईपर्यंत पडत नाही.

यानंतर प्रायोगिक मुक्काम. पहिले दहा दिवस हिशेबात धरू नयेत, त्यात आपण पाहुणे असतो आणि रोज काहीतरी बाहेरून मागवलं जातं. खरी मोजणी, आपल्याला चहा हवाय का हे कुणी विचारेनासं झालं की सुरू होते. ज्या खोलीला फोनवर "आईबाबांची खोली" म्हणत, तिथे एक ट्रेडमिल आहे. त्यावर इस्त्रीचे कपडे आहेत. कपाटात आपल्यासाठी दीड कप्पा आहे, उरलेल्या अर्ध्यात रिकाम्या बॅगा. गृहस्थाने या काळात गेटवरच्या ॲपवर डिलिव्हरीवाल्याला मंजुरी देण्याचं काम शिकून घ्यावं. त्याने घरात काही अधिकार असल्यासारखं वाटतं. संध्याकाळी खालच्या बागेत उतरावं. तिथे एक बाक हमखास असतो, त्यावर सांगलीचे, इंदूरचे आणि बेळगावचे आजोबा बसलेले असतात. "आमचं अजून काही तसं ठरलेलं नाही," असं तिघेही सांगतात. त्यातल्या एकाला येऊन सहा वर्षं झालेली असतात.

हे झालं गृहस्थाचं. स्वयंपाकघरातलं निरीक्षण वेगळं नोंदवावं. सून ऑफिसच्या कॉलमध्येच हाताने खूण करून सांगते, "आई, तुम्ही बसा, मी करते." मुलगा आतून ओरडतो, "आई, आज तुझ्या हातची आमटी!" दोन्ही आज्ञा एकाच वेळी पाळायच्या असतात. कोकमाची बरणी काल खालच्या फडताळात होती, आज स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी वरच्या खणात नेलीये आणि हात तिथवर पोचत नाही. शेगडी काचेची असल्याने कढई जोरात ठेवायची नाही. गृहस्थ बाहेर सोफ्यावर निवृत्त होऊन बसलेला आहे. घरात निवृत्त तो एकटाच झाला, हे एव्हाना त्याच्या लक्षात आलं तर चांगलं. नसेल आलं, तरी कार्यपद्धती थांबत नाही.

पूर्वदाखला हवा असेल तर महाभारताचं आश्रमवासिक पर्व पाहावं. म्हाताऱ्या माणसाने नातलगांकडे राहून बघण्याचा इतका तपशीलवार प्रयोग दुसरीकडे नोंदलेला नाही. युद्धानंतर धृतराष्ट्र 15 वर्षं पुतण्याकडे हस्तिनापुरात राहिला. यजमान साक्षात युधिष्ठिर. मानपान चोख, लहानसहान गोष्टीतही काकांचा सल्ला घेतला जाई. अडचण एवढीच की घरात भीमही राहत होता. मोठ्या भावाच्या माघारी, म्हाताऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने दंड थोपटून, या बाहूंनी मी कुणाकुणाला लोळवलं ते तो मित्रांना सांगायचा. शेवटी धृतराष्ट्राने वनाची वाट धरली. तेव्हा बोलावणारा युधिष्ठिर आहे एवढ्यावर बॅगा भरू नयेत, त्या घरातला भीम कोण ते आधी हुडकावं. हल्ली तो बहुधा आठवीत असतो आणि त्याला टीव्हीचा आवाज कमी हवा असतो. याच प्रकरणातली कुंतीची नोंद लोक घाईत वाचतात. मुलगा गादीवर, सगळे जण राहा राहा म्हणून विनवतायत, आणि ती थोरल्या दिरा-जावेबरोबर वनात चालती झाली. तिला कुणी "तू येतेस का" असं विचारलं नव्हतं.

एडिसनचा विचार थोडक्यात आटोपावा. पाहुण्यांच्या व्हिसावर एका खेपेला साधारण सहा महिने राहता येतं. मुलगी तिथली नागरिक असेल तर आईवडिलांना ग्रीनकार्ड मिळू शकतं, पण नव्याने आलेल्या पासष्टीपुढच्या माणसाला मेडिकेअरमध्ये शिरायचं तर आधी सलग 5 वर्षं तिथे राहिलेलं असावं लागतं. आजारपण तेवढं पुढे ढकलता येत असेल तर जरूर जावं. मुलीचा आग्रह खरा असतो. जानेवारीतला बर्फही.

आता मालमत्ता. महाराष्ट्रात राहतं घर मुलाच्या किंवा मुलीच्या नावे बक्षीसपत्राने करून द्यायला मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये आहे. बाकीचा किरकोळ खर्च वेगळा. स्वस्त आहे म्हणून घाई करू नये. स्वस्ताईच्या मोहात पडून याआधी फक्त स्टीलची भांडी आणली होती. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं कलम 23 वाचून घ्यावं : सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर न्यायाधिकरणाकडून परत मिळवता येते. अट कागदावर स्पष्ट लिहिलेली असावी. 'नटसम्राट' रंगभूमीवर आलं 1970 मध्ये. गणपतराव बेलवलकरांना ही सोय 37 वर्षांनी चुकली. वकिलाकडे हे कलम वाचताना मुलाला शेजारी बसवू नये, आणि त्याला कळणारच नाही अशा भ्रमातही राहू नये.

राहता राहिला काहीच न ठरवण्याचा पर्याय. मंजूर होणाऱ्या अर्जांत याचंच प्रमाण मोठं असावं. डोंबिवलीत डॉक्टर हाकेच्या अंतरावर, वाणी उधारी लिहून ठेवतो, बँकेतली मुलगी पासबुक बघूनच नाव घेते, आणि दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर गेलं की शाळेतला एखादा वर्गमित्र भेटतोच, भले दोघांनाही एकमेकांचं नाव आठवू नये. विरोधात एकच मत पडतं, गुडघ्यांचं. दूध आणायला उतरल्यावर कोथिंबीर विसरली हे दुसऱ्या मजल्यावर आठवलं, तर त्या दिवशी पोहे कोथिंबिरीविना होतात.

आणि नेमकं याच अवस्थेत सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागते : पुनर्विकास, विशेष सर्वसाधारण सभा, रविवारी सकाळी, चहा-बिस्किटांची सोय आहे. पूर्वी यासाठी 75 टक्के सभासदांची संमती लागायची, 2019 पासून 51 टक्के पुरते. म्हणजे आपलं ठरलेलं नसलं तरी चालतं, शेजाऱ्यांचं ठरलेलं असतं. बिल्डर लिफ्ट देणार, थोडी जास्त जागा देणार, दरमहा भाडं देणार आणि तीन वर्षांत चावी देणार. यातलं शेवटचं सोडून बाकीचं करारात नीट वाचावं. तोवर कुठे राहायचं हा प्रश्न मात्र आता लांबवता येत नाही.

अशा वेळी सर्व संबंधितांना एकाच व्हिडिओ कॉलवर घ्यावं. डोंबिवलीत संध्याकाळ, एडिसनला सकाळ, बंगळूरला मुलगा गाडीत. मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही म्हणाल तसं." मुलगी म्हणते, "आईबाबांना हवं तसं करू." कुडाळहून चुलतभाऊ दिसत नाही, फक्त ऐकू येतो, तोही तेच म्हणतो. गृहस्थ म्हणतो, "माझं काय, तुमची सोय बघा." पाऊण तास ही चर्चा झाली की शेवटची पायरी घ्यावी, जी बऱ्याच घरांत गळते : पत्नीला विचारावं.

ती भाजी निवडत होती. "मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावरचा एक ब्लॉक मी बघून आलेय," ती म्हणाली. "भजनीमंडळ तिथून पायी पाच मिनिटांवर. मालकीणबाईंना उद्या टोकन द्यायचंय, तेवढं बँकेतून काढून आणा."