रॉडचं स्टिकर

माझ्या उजव्या नडगीत अकरा मिलिमीटर जाडीचा रॉड आहे. त्याआधी नऊचा होता. पहिला रॉड बसल्यापासून कुबड्या सुटेपर्यंत चौदा महिने गेले. त्यातले चार-पाच महिने निव्वळ फुकट गेले. हाड जुळत नव्हतं हे कारण नाही. ते जुळत नाहीये हे मला कुणी सांगितलं नाही, हे कारण आहे.

कराड-विटा रस्ता, ऑगस्टची संध्याकाळ, वळणावर सांडलेली खडी. स्कूटर आडवी झाली, पाय तिच्याखाली राहिला. नडगी आणि तिच्या शेजारचं बारीक हाड, दोन्ही मोडली. घोट्याच्या चार बोटं वर. कातडी फाटली नाही एवढं नशीब.

नडगीची ती जागा वाईट. तिथे हाडावर मांस नाही, नुसती कातडी आहे. रक्तही तिथे बेताचंच पोचतं. नडगी मुळातच सावकाश जुळते, त्यात हा खालचा तुकडा फारच रेंगाळतो. हाडांच्या कुठल्याही डॉक्टरला हे पाठ असतं. मला मात्र पहिल्या दिवशी सांगण्यात आलं, "तीन महिन्यांत पळायला लागाल."

रस्त्यावर आडव्या पडलेल्या माणसाला डॉक्टर निवडता येत नाही. गर्दीतला एकजण म्हणाला, "माझ्या ओळखीचं हॉस्पिटल आहे," आणि जीप तिकडे वळली. त्या माणसाचे हेतू चांगले होते असं मी धरून चालते. पण पेशंट आणून देणाऱ्याला टक्के मिळतात, हे आपल्या राज्यात कुणाला नवीन आहे? डॉ. अरुण गद्रे यांनी डॉक्टरांच्याच तोंडून ही सगळी व्यवस्था पुस्तकात उघडी केली. कमिशन घेणं-देणं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत निषिद्ध आहे. २०१७ मध्ये महाराष्ट्रात कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही तयार झाला. तो मसुदाच राहिला. ज्यांनी तो पुढे नेला नाही त्यांनी एकदा पाय मोडून घेऊन अनोळखी गावात पडून पाहावं, असं मला त्या काळात रोज वाटायचं. आजही वाटतं.

एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. पहिलं ऑपरेशन चुकलं नव्हतं. हाडाच्या पोकळीत रॉड घालायची पद्धत जर्मनीत गेर्हार्ड क्युन्चर यांनी १९३९ च्या सुमारास सुरू केली, आणि तिनं लाखो माणसांना महिनोन्‌महिने वजनं टांगून पडून राहण्यापासून वाचवलं. माझ्या पायात त्याच पद्धतीचा रॉड होता, नीट बसवलेला. चुकलं ते नंतरचं सगळं.

सहाव्या आठवड्यात दाखवायला गेले. डॉक्टरांनी एक्स-रे ट्यूबलाइटसमोर धरला. "छान आहे." तिसऱ्या महिन्यात तेच. साडेचार महिन्यांनी फिल्मसुद्धा धरली नाही, मोबाइलवरचा फोटो पाहिला. प्रत्येक पावलाला एकाच ठिकाणी कळ येते, असं मी तिन्ही वेळा सांगितलं. तिन्ही वेळा पायाला हात लागला नाही. "मनाचं घेऊ नका." "वजन कमी करा." सातव्या महिन्यात रॉडचा खालचा स्क्रू तुटला. त्यावर उत्तर मिळालं, "तुम्ही जास्त चाललात."

तुम्हीच चाला म्हणाला होतात.

स्क्रू का तुटतो, हे मला नंतर कळलं. रॉड हा हाडाच्या जागी ठेवलेला बदली कामगार. हाड जुळलं की ते आपला भार उचलतं आणि रॉडला विश्रांती मिळते. जुळलं नाही तर सगळा भार धातूवर राहतो, आणि रोज हजारो पावलं झेलून धातूही थकतो. तुटलेला स्क्रू म्हणजे पायानं दिलेला लेखी अर्ज असतो. तो वाचायचा सोडून माझ्यावरच ठपका ठेवला गेला.

या दिवसांत भेटायला आलेल्यांनी माया केली आणि सल्लेही दिले. हाडसांधीची वेल आली, पायाचं सूप आलं. शेवटी कुणीतरी हाडवैद्याचा पत्ता आणला. मी गेले नाही, आणि तुम्हीही जाऊ नका. कांबट्या लावून घट्ट बांधलेल्या पट्टीखाली रक्त अडतं, पाय काळा पडतो आणि तो कापावा लागतो. अशी माणसं सरकारी हॉस्पिटलांत आजही येतात. पण लोक हाडवैद्याकडे का जातात, ते मला त्या सात महिन्यांत समजलं. तो पाय हातात घेतो. बोटांनी चाचपतो. "इथं दुखतं का?" विचारतो. एम. एस. झालेल्या माणसानं तेवढं केलं असतं, तर हाडवैद्याच्या दारात रांग लागली नसती.

मग शोध सुरू झाला. मोबाइलवर तारे पाहिले. बहुतेकांना साडेचारच्या वर. त्याखालचे अभिप्राय बारकाईनं वाचा. गाडी लावायला जागा चांगली, स्टाफ नम्र, एसी थंड. वर्षभरानं हाड जुळलं की नाही, हे लिहायला कुणी परत येत नाही. आणि मला तर तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

उत्तर माझ्या घरातच रोज सकाळी नऊला येत होतं. फिजिओथेरपिस्ट मुलगी. कराडातल्या सगळ्या डॉक्टरांचे पेशंट तिच्या हाताखालून जातात. कुणाचा गुडघा वाकतो, कुणाचा आखडतो, कुणाचं हाड वेळेत जुळतं, कुणाचा पेशंट वर्षानंतरही लंगडतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? मी सात महिने तिला विचारलंच नव्हतं. विचारलं तेव्हा ती आधी गप्प बसली. मग म्हणाली, "ताई, मी सांगितलं म्हणू नका. पण मिरजेला जाऊन या."

मिरज हे दवाखान्यांचं गाव. विल्यम वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल तिथे १८९४ मध्ये सुरू झालं. सायबेरियातल्या कुर्गानच्या इलिझारोव यांनी न जुळणारी हाडं पायाबाहेरच्या रिंगांनी जुळवायची पद्धत काढली, ती भारतात रुजवणाऱ्यांत मिरजेचेच डॉ. जी. एस. कुलकर्णी. न जुळलेलं हाड घेऊन माणसं मिरजेला येतात, त्यामागे एवढा इतिहास आहे. मी ज्यांच्याकडे गेले ते नाव असलेले कुणी नव्हेत. साधं हॉस्पिटल, लाकडी बाकं, अडीच तास थांबावं लागलं.

आत गेल्यावर त्यांनी माझे सहा एक्स-रे मागितले आणि तारखेनुसार शेजारी शेजारी लावले. सहाही फिल्म एका रांगेत मी पहिल्यांदाच पाहत होते. मोडलेल्या जागेची फट सहाही ठिकाणी तशीच होती. त्यांना काही बोलावं लागलं नाही.

मग त्यांनी मला आडवं व्हायला सांगितलं आणि पाय दोन्ही हातांत घेतला. अंगठ्यानं नडगीवरून खाली येत गेले. बरोबर त्या जागी थांबले. "इथं?" सात महिन्यांनी कुणीतरी विचारलं. मला रडू आलं, ते त्यांनी येऊ दिलं.

प्रश्न भराभर आले. मिश्री लावता का? तंबाखू? घरात कुणी सिगारेट ओढतं का? साखर कधी तपासली? ताप येतो? जखम कधी वाहिली? तंबाखूनं हाड जुळायला उशीर लागतो, हे तिथे पहिल्यांदा कानावर पडलं. मी लावत नाही, पण आमच्या भागात किती बायका लावतात ते डोळ्यांसमोर आलं. रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. "आधी आत जंतू नाहीत ना ते बघू. जंतू असले तर वाट वेगळी, नसले तर वेगळी. आज ऑपरेशनची तारीख देणार नाही." केसपेपरच्या पाठीमागे त्यांनी हाडाचं चित्र काढलं. रॉड, फट, तुटलेला स्क्रू. जुना रॉड काढायचा, पोकळी आतून घासून रुंद करायची, जाड रॉड घालायचा. घासताना निघालेला हाडाचा भुगा त्याच जागी पडतो आणि हाड जुळायला मदत करतो. शेवटी म्हणाले, "हा कागद घेऊन कोल्हापूरला किंवा पुण्याला अजून एकाला दाखवा. मग ठरवा."

स्वतःचं निदान दुसऱ्याला दाखवून या, असं म्हणणारा डॉक्टर मला तोवर भेटला नव्हता. मी दाखवलं. दुसऱ्यांनीही तेच सांगितलं. माझा शोध तिथे संपला.

एकच गोष्ट अडली. मिरजेच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "रॉड कुठल्या कंपनीचा? स्टिकर आणा." प्रत्येक रॉडच्या पाकिटावर कंपनी, लांबी, जाडी आणि बॅच नंबर छापलेली स्टिकरं असतात. ऑपरेशन झालं की त्यातलं एक फाइलमध्ये चिकटवायचं असतं. रॉड काढायचं हत्यार कंपनीगणिक वेगळं. हे माहीत नसेल तर टेबलावर पेशंट झोपवून, पाय उघडून, अंदाजानं हत्यारं चाचपत बसावं लागतं.

पहिल्या हॉस्पिटलनं फाइल दिली नाही. "फाइल बाहेर जात नाही." "सर नाहीत." "रेकॉर्डवाला सुट्टीवर." माझ्या डिस्चार्ज कार्डावर 'नेलिंग केले' एवढे दोन शब्द होते. बिलावर 'इम्प्लांट' असा एक शब्द आणि एक रक्कम. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याची किंमत सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये बांधली. नडगीतले रॉड त्या आदेशात नव्हते. किंमत बांधलेली नसली तरी कोणत्या वस्तूचे पैसे दिले, हे विचारायचा हक्क तर मला होताच. पण पैशाचं एक वेळ राहू दे. माझ्या पायात काय आहे, हे मला कळू द्यायचं नाही, हा कुठला न्याय?

भाच्यानं नियम शोधला. त्याच २००२ च्या आचारसंहितेत लिहिलंय की रुग्णानं किंवा त्याच्या माणसानं नोंदी मागितल्या, तर मागणीची पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. महाराष्ट्रात जानेवारी २०२१ पासून खासगी हॉस्पिटलांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणंही बंधनकारक आहे. मी लेखी अर्ज केला, दोन प्रतींवर, नियम लिहून. पोच मागितली. शिक्का मारताना काउंटरवरच्या मुलीचा हात थांबला, ती आत जाऊन आली. सतरा दिवस तोंडी मागून न मिळालेली फाइल तिसऱ्या दिवशी मिळाली. स्टिकर तिच्यात होतं. पहिल्यापासून होतं.

मिरजेच्या बाकावर माझ्या शेजारी जत भागातली एक ऊसतोड करणारी बाई बसली होती. तिचाही पाय, तिचाही रॉड. सरकारी दवाखान्यात योजनेतून बसवलेला. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, गाठ मारलेली. तिनं गाठ सोडली तेव्हा डिस्चार्ज कार्डावर स्टिकर चिकटवलेलं दिसलं, सहीशिक्क्यासह. "तिथल्या पोरगेल्या डॉक्टरनं सांगितलंय, हे जीवापाड जपा, मावशी," ती म्हणाली. त्या शिकाऊ डॉक्टरचं नाव मला माहीत नाही. डॉक्टर कसा असावा असं कुणी विचारलं तर मी त्याच्याकडे बोट दाखवीन.

पुढचं थोडक्यात. दुसऱ्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिले. घरी वजनकाटा आणला. त्यावर दुखरा पाय टेकवून आधी पंधरा किलो भार, मग पंचवीस, मग चाळीस. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हे फिजिओनं रोज म्हणून घेतलं. चार महिने उलटल्यावर एक्स-रेत दिसणाऱ्या हाडाच्या चार कडांपैकी तीन सांधलेल्या दिसल्या. डॉक्टरांनी फिल्म पाहिली आणि तरीही पाय हातात घेऊन त्या जागी दाबलं. दुखलं नाही. मग म्हणाले, "आता कुबड्या कुणाला तरी देऊन टाका."

तुमच्या घरात कुणाच्या पायात, हातात, कमरेत रॉड, प्लेट किंवा स्क्रू असेल, तर आज त्यांची फाइल काढून बघा. स्टिकर नसेल तर हॉस्पिटलला दोन प्रतींवर अर्ज द्या आणि एका प्रतीवर पोच घ्या. दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपण्याचंच बंधन डॉक्टरांवर आहे. त्यानंतर तो कागद मिळेलच असं नाही.