मिसिंग मारणारी एमजी: हॅरो ते ॲपलक्रॉस

इंजिनाचे अधूनमधून अडखळणे हा जुन्या स्पोर्ट्स कारचा सर्वांत चिवट दोष. गाडी कायमची बंद पडली तर निदान सोपे असते. दोष जागेवर बसलेला सापडतो. अधूनमधूनचा दोष चढावर येतो, बॉनेट उघडले की निघून जातो आणि मेकॅनिक आला की तो कधी नव्हताच असे वातावरण तयार करतो. महाराष्ट्रातल्या गॅरेजात अशा गाडीबद्दल ‘मिसिंग मारते’, ‘झटके खाते’ किंवा नुसतेच ‘दम नाही’ असे म्हणतात. तिन्ही तक्रारींची मुळे बहुतेक वेळा दोनच घरांत असतात: ठिणगीच्या किंवा पेट्रोलच्या. आधी कोणत्या घराची कडी वाजवायची, हे ठरवण्यात मालकाची सुट्टी संपते.

येथे विचारात घेतलेला नमुना म्हणजे लंडनच्या हॅरो भागातल्या एका मराठी गृहस्थांची १९६९ सालची एमजीबी रोडस्टर. एमजीबी १९६२ साली बाजारात आली, ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात पाच लाखांहून अधिक तयार झाल्या आणि १९८० साली गाडीबरोबर कारखानाही मिटला. इंजिन १७९८ सीसीचे, कार्ब्युरेटर दोन आणि आसनेही दोन. या शेवटच्या आकड्यामुळे स्कॉटलंडच्या सहलीला गृहस्थांच्या पत्नीला सामानासकट रेल्वेने जावे लागले. किंग्ज क्रॉसहून दुपारी बाराला सुटणारी गाडी रात्री आठच्या सुमारास इन्व्हर्नेसला पोहोचते. त्या पोहोचल्या, जेवल्या आणि झोपल्या. प्रवासवर्णनाच्या दृष्टीने त्यांच्या प्रवासात सांगण्यासारखे काहीच नाही.

दुसऱ्या आसनावर त्यांचे थोरले बंधू होते. मेहुणे साताऱ्याचे, सोबत कंदी पेढे घेऊन आलेले. त्यांची उमेद स्कूटरवर गेली होती. स्कूटर सुरू होईना तर ती आडवी करायची, क्षणभर थांबायचे, सरळ करायची आणि किक मारायची, हा उपचार त्यांच्या मते कोणत्याही वाहनाला चालतो. एमजीबीचे वजन नऊशे किलोच्या पुढे असल्यामुळे तो करून पाहता आला नाही, ही रुखरुख त्यांना शेवटपर्यंत राहिली. निघण्यापूर्वी गाडीची पाहणी करताना पेट्रोलच्या टाकीला कुलूप नाही हे पाहून त्यांनी हाय खाल्ली. “साताऱ्यात असं ठेवलं तर सकाळी टाकीत नुसता वास राहील, दाजी,” असे म्हणून त्यांनी स्वखर्चाने किल्लीचे चकचकीत झाकण मागवून बसवले.

दोषाचे पहिले दर्शन एम-६ महामार्गावर शॅपच्या चढावर झाले. हा त्या महामार्गाचा सर्वांत उंच टप्पा, तीनशे मीटरच्या जरा वर. ॲक्सिलरेटर दाबलेला असताना इंजिनाने एक आवंढा गिळला, मग आणखी एक. कार्ब्युरेटरमधून शिंकल्यासारखा आवाज आला आणि वेग सत्तर मैलांवरून पस्तीसवर उतरला. अशा क्षणी काय करावे हे ठरलेले आहे. आरपीएमच्या काट्याकडे पाहावे. एमजीबीचा काटा इग्निशनच्या विजेवर चालतो. गाडी गिअरमध्ये धावत असताना तो एकदम शून्यावर पडला तर ठिणगीचा दोष समजावा, इंजिनाबरोबर सावकाश उतरला तर पेट्रोलचा. एवढे एक निरीक्षण केले असते तर पुढचा निम्मा मजकूर लिहावा लागला नसता. परंतु दोघेही मागून येणाऱ्या अठरा चाकी ट्रककडे पाहत होते.

गाडी कडेला घेतली. विचारविनिमयात वीस मिनिटे गेली, किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले. लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर डाव्या हाताला होते.

ठिणगीची बाजू प्रथम तपासावी असा संकेत आहे. कार्ब्युरेटरच्या बहुतेक तक्रारी शेवटी विजेच्या निघतात, असे जुने मेकॅनिक सांगतात. डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढून पॉइंटमधले अंतर पाहावे. ते ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावे. पॉइंट जळून खडबडीत झाले असतील तर बदलावेत. कंडेन्सर आणि कॉइल गरम झाल्यावरच दगा देतात, म्हणून थंड इंजिनावर ते निर्दोष ठरले तरी विश्वास ठेवू नये. पॉइंटकडे जाणारी बारीक वायर विशेष संशयास्पद. आतली तार तुटलेली आणि वरचे आवरण शाबूत, अशी तिची अवस्था असू शकते. डिस्ट्रिब्यूटरमधली चकती व्हॅक्यूमने जराशी फिरते, त्या फिरण्यात तुटलेली टोके क्षणभर दुरावतात आणि पुन्हा भेटतात. मग येतो रोटर. कारखान्यातून आलेला रोटर चाळीस वर्षे फिरतो आणि बदली म्हणून घेतलेला नवाकोरा रोटर पहिल्याच चढावर मान टाकतो, हा अनुभव जुन्या गाड्यांच्या मालकांत इतका सार्वत्रिक आहे की शहाणी माणसे नवा बसवतात तेव्हा जुना फेकत नाहीत. सुटे भाग स्वस्तात बनवून ‘मूळ नमुन्याप्रमाणे’ असा छाप मारणाऱ्यांना रात्री अकरा वाजता ए-९ रस्त्यावर उभे करावे.

कारण गाडी दुसऱ्यांदा थांबली ती तिथेच, पर्थच्या उत्तरेला, ड्रमॉख्टर खिंडीच्या अलीकडे. ही खिंड ४६० मीटरवर आहे. जून महिना असल्याने आकाशात उजेड होता, पण डिस्ट्रिब्यूटरच्या खालच्या बाजूला नव्हता. वारा पडला होता. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात वारा पडला की मिज बाहेर पडतात. हा चिलटापेक्षाही बारीक कीटक. एकटा दिसत नाही आणि एकटा येत नाही. गृहस्थ बॉनेटखाली वाकून त्या बारीक वायरचा स्क्रू सोडवत होते. स्क्रू हातातून निसटून इंजिनाखाली गेला तर सहल संपली असती. मेहुण्यांनी टॉर्च धरला होता. त्यांच्या कपाळावर, पापण्यांवर आणि कानांच्या पाळ्यांवर मिजचा राखाडी थर बसला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि उजेडाचा गोल मात्र त्या स्क्रूवरून केसभरही हलला नाही. वायर बदलून होईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. नंतर त्यांनी टॉर्च बंद केला आणि दोन्ही हातांनी तोंडावर चापट्या मारून घेतल्या.

गाडी सुरू झाली. वायर दोषी ठरली. पन्नास मैलांनी ती निर्दोष सुटली.

यानंतर पेट्रोलची बाजू. एमजीबीचे एसयू कार्ब्युरेटर हे वाहनजगतातले एक सुरस प्रकरण आहे. ‘एसयू’ म्हणजे स्किनर युनियन. स्किनर घराण्याचा धंदा बुटांचा होता, आणि पहिल्या एसयू कार्ब्युरेटरांत हवेच्या दाबाने वरखाली होणारा भाता चक्क चामड्याचा होता. पुढे भात्याच्या जागी धातूचा पिस्टन आला. पिस्टनच्या माथ्यावर वीस नंबरच्या पातळ तेलाची छोटी विहीर असते. ॲक्सिलरेटर एकदम दाबला की हे तेल पिस्टनला झटकन वर जाऊ देत नाही, त्यामुळे मिश्रण क्षणभर घट्ट राहते आणि गाडी उचल खाते. तेल आटले तर गाडी नेमकी त्या क्षणी अडखळते. दोन्ही विहिरींत तेल घालण्यात आले. गाडी सुरेख चालली. इन्व्हर्नेस लागेपर्यंत.

इन्व्हर्नेसला भगिनींनी दोघांची तोंडे पाहिली आणि आधी मलम आणले. “दादा, परत जाताना तू माझ्याबरोबर ट्रेननं चल,” असे त्या म्हणाल्या. पतीला त्यांनी ट्रेनचे निमंत्रण दिले नाही, उपयोग नव्हता.

पेट्रोल पंप हा पुढचा संशयित. एमजीबीचा पंप विजेवर चालतो आणि मागच्या उजव्या चाकाच्या पुढे, गाडीच्या पोटाखाली असतो. किल्ली फिरवली की तो भराभर टिकटिकतो, कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या की गप्प बसतो. न थांबता टिकटिकत राहिला तर टाकी रिकामी आहे किंवा नळी कुठेतरी हवा घेते आहे. मुळीच टिकटिकला नाही तर त्याचे पॉइंट चिकटले आहेत. त्यावर इलाज म्हणजे हलका ठोका. तारांच्या चाकांचे मधले नट सैल करण्यासाठी गाडीत तांब्याची हातोडी असतेच. ॲख्नशीनजवळ गाडीने पुन्हा मान टाकली तेव्हा मेहुणे ओल्या गवतावर आडवे झाले आणि त्यांनी पंपाला समज दिली. त्याच वेळी गृहस्थांनी ओले फडके पेट्रोलच्या नळीवर टाकले. मे महिन्यात खंबाटकीच्या घाटात तापलेल्या फिॲटला हा उपचार बरोबर लागू पडे, कारण तिथे नळीत पेट्रोलची वाफ धरते. ॲख्नशीनला त्या दुपारी हवेत गारवा होता आणि पाऊस भुरभुरत होता. फडके वेगळे भिजवावे लागले नाही. गाडी सुरू झाली. पुढचे वीस मैल हातोडी श्रेष्ठ की फडके यावर वाद झाला.

अधूनमधूनच्या दोषाचे सगळे कपट इथे आहे. गाडी काही वेळ नुसती उभी राहिली की आपोआप बरी होत होती. त्या वेळात ज्याने जे केले त्याला त्याचे श्रेय मिळाले: वायरीला, तेलाला, हातोडीला, फडक्याला. मदतीला बोलावलेला एक माणूस दोन तासांनी आला, त्याने रोटर बदलला आणि तोही यशस्वी होऊन गेला. म्हणून एका वेळी एकच गोष्ट करावी, आणि त्याआधी काहीही न करता नुसते थांबून पाहावे. हा नियम पाळणे सर्वांत अवघड, कारण बॉनेट उघडून हात बांधून उभा राहणारा माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला मूर्ख दिसतो.

दुसरा एक धागा कोणी पकडला नव्हता. टाकी भरली की त्रास लवकर सुरू होई. त्यावरून दोघांनी वाटेतले सगळे पेट्रोल खराब ठरवले. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबरी नळ्यांना खाते, हे खरे आहे. त्यामुळे तेही आरोपी झाले.

ॲपलक्रॉसला जाणारा बॅलख ना बा हा घाट समुद्रसपाटीजवळून निघून ६२६ मीटरवर चढतो. रस्ता १८२२ सालचा, एकपदरी, चढ काही ठिकाणी पाचास एक. शिकाऊ चालक, फार मोठी वाहने आणि कॅरव्हॅन यांनी पहिल्या मैलानंतर पुढे जाऊ नये, अशी पाटी पायथ्याला आहे. मिसिंग मारणाऱ्या गाड्यांचा तीत उल्लेख नाही. लॉककॅरनला टाकी काठोकाठ भरून एमजी घाटाला लागली आणि शेवटच्या वळणांच्या खाली दम टाकून उभी राहिली. मागे पाच कॅम्परव्हॅन. त्यांतल्या प्रत्येकाला कार्ब्युरेटरबद्दल मत होते. एक सायकलस्वार धापा टाकत आला, पाहून हसला आणि पुढे निघून गेला.

पेट्रोलचा काटा अर्ध्यावर होता. एमजीबीचा हा काटा मनाला येईल ते दाखवतो. मेहुण्यांना ते ठाऊक नव्हते.

“दाजी, पंपवाल्यानं माप मारलंय.”

“इथं नाही हो मारत.”

“सगळीकडं मारतात. उघडून बघतो.”

त्यांनी किल्ली फिरवली. झाकण हलेना. दोन्ही हातांनी धरून ओढले तेव्हा ते सुटले, आणि टाकीने फुस्स करून लांबलचक श्वास आत घेतला. तो संपायला चांगला वेळ लागला. लगेच गाडीच्या पोटाखाली पंप भराभर टिकटिकू लागला, आणि थोड्या वेळाने, वाट्या भरल्या तसा, थांबला.

कारण असे. टाकीतून एक लिटर पेट्रोल बाहेर गेले की त्या जागी तेवढी हवा आत यावी लागते. या गाडीच्या जुन्या झाकणात त्यासाठी बारीक छिद्र होते. किल्लीच्या नव्या झाकणात नव्हते. ते हवाबंद होते. पेट्रोल कमी होईल तशी टाकीत पोकळी तयार होई, पंप तिच्याविरुद्ध ओढून ओढून थके, वाट्या रित्या होत, मिश्रण पातळ पडे आणि इंजिन शिंके. गाडी थांबली की सांध्यांतून थोडी थोडी हवा शिरून पंपाला पुन्हा बळ येई. काठोकाठ भरलेल्या टाकीत वर हवेला जागाच नसते, त्यामुळे थोडेसे पेट्रोल वापरले तरी ओढ फार वाढते. चढावर इंजिन जास्त पेट्रोल मागते, म्हणून पहिला दगा चढावर. दोष गाडीत नव्हता, पेट्रोलमध्येही नव्हता.

मेहुण्यांनी झाकण हातात उलटसुलट करून पाहिले. गृहस्थ काहीच बोलले नाहीत. बायकोचे भाऊ होते, शिवाय त्यांनी टॉर्च धरला होता.

दुरुस्ती म्हणजे छिद्राचे झाकण बसवणे. ते हॅरोला होते. तोवर नवे झाकण न लावता नुसते टेकवून रुमालाने बांधण्यात आले. घाटमाथ्यावरून रासे आणि स्काय ही बेटे दिसतात. परतीच्या प्रवासात पेट्रोलच्या वासाने डोके चढले आणि मेहुणे इन्व्हर्नेसहून ट्रेनने गेले, पण इंजिन हॅरोपर्यंत एकदाही अडखळले नाही. कार्लाइलनंतर छत गळू लागले. त्याचा विचार या विषयात करता येत नाही, कारण ते अधूनमधून गळत नाही.