थोरली पट्टी, धाकटी पट्टी

आमच्या देवासात एकाचे दोन होतात, ही जुनी रीत आहे. टेकडीवर देवी दोन. तुळजाभवानी ती बडी माता, चामुंडा ती छोटी माता. दोघी सख्ख्या बहिणी आणि दोघींचं एकदा कडाक्याचं भांडण झालं होतं, असं सांगतात. टेकडीखाली राजेही दोन. बाजीरावाच्या काळात पवार माळव्यात उतरले. त्यांची एक शाखा धारला स्थिरावली आणि देवास तुकोजी व जिवाजी या दोन भावांत वाटलं गेलं. तुकोजींची थोरली पाती, जिवाजींची धाकटी. वाटणी अशी की मोठ्या रस्त्याची एक बाजू एका राजाची, समोरची दुसऱ्याची. 1948 साली दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या आणि प्रकरण मिटलं, असं इतिहासाची पुस्तकं म्हणतात. ती लिहिणारे आमच्या भजनी मंडळात गुरुवारी दुपारी चार वाजता कधी आलेले नसावेत.

मंडळात सोळा जणी आहेत आणि मी एकटा. मी पेटी वाजवतो. बँकेतून रिटायर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुम्ही घरी नुसते बसूनच असता, तर आमच्याकडे येऊन बसा." या आमंत्रणात माझ्या कलेचा गौरव किती होता हे मी अजून शोधतो आहे.

भांडण पाण्याचं नाही, जमिनीचं नाही, पट्टीचं आहे. साठी ओलांडलेल्या आठ जणींना पांढरी चार हवी. उरलेल्या आठ जणींना काळी पाच. पेटीवर हे अंतर चार बोटांचं, गळ्यात तीस वर्षांचं. पांढरी चार लावली की धाकट्यांचा आवाज विहिरीत पडल्यासारखा खाली जातो. काळी पाच लावली की थोरल्यांचे चेहरे अंतऱ्यात असे होतात, की मला पेटी सोडून पाण्याचा तांब्या उचलावासा वाटतो. मी मधली काळी चार धरतो आणि दोन्हीकडची नाराजी समसमान घेतो. संस्थानांच्या काळात पोलिटिकल एजंट नावाचा गोरा साहेब असे, त्याच्याविषयी मला अलीकडे सहानुभूती वाटू लागली आहे. फरक इतकाच, की थोरल्या पट्टीची पुढारी त्याच्या घरात राहत नव्हती. माझ्या घरात राहते. मला सकाळचा चहा तिच्या हातचा मिळतो. त्यामुळे माझ्या तटस्थपणाबद्दल धाकट्या पट्टीला कायम शंका असते आणि थोरलीला कायम तक्रार.

आमचं वर्ष चैत्रात सुरू होतं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची बोलावणी येतात. आंब्याची डाळ आणि पन्हं आधी की भजन आधी, यावर मतभेद नसतो. डाळ आधी. मग कैरीने धरलेल्या गळ्यांनी जे होतं, ते गौर झोपाळ्यावर बसून सोसते. वैशाखात मंडळ बंद. पुण्याची, बंगळूरची नातवंडं येतात आणि पेटीच्या भात्यात बोट घालून हवा कुठून येते ते पाहतात.

खरी धामधूम आषाढीची. आकाश भरून आलेलं, माळव्याची काळी माती चपलेला शेरभर चिकटलेली आणि देवळात आम्ही. धाकट्या पट्टीत तीन सुना हिंदी घरांतून आलेल्या आहेत. त्यांच्या वह्यांत अभंग देवनागरीतच असतात, पण 'ळ' माहेराहून आलेला नाही. गेल्या आषाढीला एकीने उत्साहात विचारलं, "काका, टाल किसके पास है?" इकडे टाल म्हणजे लाकडाची वखार. पलीकडे बसलेल्या आजोबांनी तिला बसस्टँडकडचा रस्ता समजावून सांगितला. हसू ओसरल्यावर आमच्या सगळ्यांत थोरल्या आजी म्हणाल्या, "पोरी, टाळ काय नि टाल काय, वाजला म्हणजे झालं." आजी शहाऐंशीच्या आहेत. त्यांचा दम आता अर्ध्या ओळीपुरता उरला आहे. उरलेली अर्धी ओळ त्या डोळे मिटून ऐकतात.

श्रावणात गोकुळाष्टमी आली की मला एका इंग्रज माणसाची आठवण होते. ई. एम. फॉर्स्टर 1921 साली थोरल्या पातीच्या तुकोजीरावांचा खाजगी सचिव होता. राजवाड्यातल्या गोकुळाष्टमीचं वर्णन त्याने घरी पत्रांतून लिहिलं आणि पुढे 1953 साली 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात घातलं. ती हिल म्हणजे आमची टेकडीच. आठ-आठ जणांचे गट झांजा आणि पेटी घेऊन देवापुढे गात, दोन तासांनी मागून दुसरा गट घुसे आणि गाणं खंड न पडता चालू राही. साहेबाचे कान किटले. पण तेच आवाज त्याच्या 'अ पॅसेज टु इंडिया'च्या शेवटच्या भागात जाऊन बसले आणि त्या इंग्रजी कादंबरीतले भजनी तुकारामांचं नाव घेऊन गाऊ लागले. मला त्या पत्रांतला आठ हा आकडा फार आवडतो. आमच्याही आठ-आठच आहेत. फक्त आमचे दोन्ही गट एकाच वेळी गातात.

गणपतीत कॉलन्यांची बोलावणी इतकी, की धाकटी पट्टी एका मांडवात आणि थोरली दुसऱ्यात, असं करावं लागतं. ही वाटणी मात्र विनातक्रार होते. नवरात्रात टेकडीवर माणसांचा पूर लोटतो, खाली भोंग्यांचा. नऊ दिवस आम्ही गातो, पण ते आम्हालाच ऐकू येत नाही. मंडळाचे सर्वांत सलोख्याचे दिवस तेच.

मार्गशीर्षात धारची सहल. थोरल्या पट्टीची पुढारी धारची माहेरवाशीण, त्यामुळे ही सहल रद्द करण्याचा विषय बैठकीत निघत नाही. मिनी बस सकाळी सहाला निघते, इंदूरला पोहे-जिलेबीसाठी थांबते आणि तिथेच एक तास संपतो. पोह्यांवर शेव, शेवेवर कचोरी, वर रबडी. धारला आधी गडकालिकेचं दर्शन, मग तिथल्या मंडळाबरोबर भजन. धार म्हणजे भोजराजाची नगरी. 'सरस्वतीकंठाभरण' हा त्याचा ग्रंथ, म्हणजे सरस्वतीच्या गळ्यातला दागिना. त्याच्या गावात बसून आम्ही तोंड उघडलं तेव्हा सोळा गळ्यांतून कचोरी बोलली. धारच्या बाई फार सभ्य. म्हणाल्या, "प्रवासाने थकला असाल." त्यांची पट्टी काळी तीन होती. परतीच्या बसमध्ये दोन्ही पट्ट्या वर्षात पहिल्यांदा एकमुखाने बोलल्या : काळी तीन ही काय पट्टी आहे?

पौषात गावाकडच्या एका कबीर मंडळीचं रात्रीचं गाणं ऐकायचा योग आला. देवास-उज्जैनच्या गावांतून अशा मंडळ्या पूर्वीपासून आहेत. नव्वदच्या दशकात एकलव्य या संस्थेने त्यांना देवासात दर महिन्याला एकत्र बसवलं होतं, तेव्हा भजनाइतकीच चर्चाही चाले. तंबुरा, करताल, मंजिरे, ढोलक, टिमकी एवढाच सरंजाम. मी पट्टी ओळखायला म्हणून कान टवकारून बसलो. मुख्य गाणाऱ्याचा घसा बसलेला होता. त्याने दोनदा खाकरून पाहिलं, हळूच सूर लावला आणि तंबुरेवाल्याने कसलाही प्रश्न न विचारता खुंट्या पिळून तारा त्याच्या घशापाशी खाली आणल्या. बाकीचे तिथून गाऊ लागले. पेटीला खुंट्या नसतात. तिच्याबरोबर वीस वर्षं राहून माझाही स्वभाव तसाच झाला असावा.

घरी येताना भानुकुलवरून आलो. भानुकुल हे कुमार गंधर्वांचं घर, टेकडीच्या पायथ्याशीच आहे. 1948 च्या जानेवारीत क्षय घेऊन ते देवासला आले. इथली कोरडी हवा मानवेल, अशी आशा होती. पुढची पाच-सहा वर्षं गाणं बंद. हिंदुस्थानातला तो गळा अंथरुणावर पडून आमच्या गल्ल्यांतल्या बायकांची गाणी ऐकत होता. त्या बायकांनी पट्टी कुणाला विचारली होती? बरे झाल्यावर ते पूर्वीच्या दमाने गाऊ शकत नव्हते. मग लहान लहान तुकड्यांत गायले आणि दोन तुकड्यांच्या मधल्या जागाही लोक ऐकू लागले. माळवी गाण्यांतून त्यांनी 'गीत वर्षा', 'गीत हेमंत', 'गीत वसंत' हे ऋतूंचे कार्यक्रम उभे केले. अख्खं वर्ष गाण्यात मांडलं. आमचंही वर्ष गाण्यातच जातं, पण त्याला कुणी कार्यक्रम म्हणत नाही. आमचा दम तुटला की त्याला शैलीही कुणी म्हणत नाही, काकू आल्याचा चहा करतात.

12 जानेवारी हा कुमारजींचा स्मृतिदिन. यंदा त्याच आठवड्यातला गुरुवार कडक थंडीचा होता. थोरल्या आजी शाल, मफलर, मोजे अशा सरंजामात आल्या आणि काळी चार ऐकूनच त्यांनी मान हलवली. आज जमायचं नाही. मी काही बोललो नाही, पांढरी चार धरली. थोरली पट्टी सरसावली. धाकट्यांनी भुवया उंचावल्या. धृपद खालच्या सुरांत फिरत होतं, तिथे धाकट्यांना आवाजच सापडेना, म्हणून त्या नुसत्या टाळ धरून राहिल्या. अंतरा वर गेला तशी थोरल्यांची फळी कोसळली. आणि मग ती 'टाल'वाली सून, बहुधा सवयीने, एकटीच वर चढली. पाठोपाठ बाकीच्या सात जणी. थोरल्या गप्प बसून दम घेत होत्या. अंतरा संपून धृपदावर यायची वेळ झाली तेव्हा धाकट्या आपोआप थांबल्या आणि थोरल्यांनी ओळ उचलली. आजींचा अर्ध्या ओळीवर दम संपला. उरलेली अर्धी त्यांनी डोळे मिटून ऐकली.

भजन संपल्यावर कुणी काही बोललं नाही. मग आमची पुढारी म्हणाली, "आज पेटी बरी लागली होती." धाकट्या पट्टीतून लगेच आवाज आला, "काकू, जरा खाली होती."

पट्टी अजून ठरलेली नाही. येत्या गुरुवारी बैठक आहे. डाळ आणि पन्ह्याचे दिवस जवळ आले आहेत, त्यामुळे बैठक लांबणार नाही.