अस्सलबरहुकूम

ज्या गावाच्या नावापुढे कंस लागतो, त्या गावच्या माणसास आपला ठावठिकाणा एका दमात सांगून मोकळे होता येत नाही. आमच्या वर्धा जिल्ह्यात सिंदी (रेल्वे) आणि सिंदी (मेघे) अशी दोन गावे नांदत असल्यामुळे, नुसतेच ‘सिंदी’ म्हणून थांबणारा इसम आपले टपाल, आपले पाहुणे आणि प्रसंगी आपल्या मुलीची वरातही भलत्याच गावी रवाना करून बसतो. जर्मनीतही फ्रँकफुर्ट नावाची दोन नगरे असून एकाच्या कंसात माइन नदी व दुसऱ्याच्या कंसात ओडर नदी असते, हे स्थानकावर समजताच त्या परमुलखाविषयी माझ्या मनात एकाएकी आप्तभाव उत्पन्न झाला. त्यांच्या कंसातून नदी वाहते आणि आमच्या कंसातून मालगाडी जाते, एवढाच काय तो भेद.

माझा पुतण्या त्यांपैकी माइनकाठच्या फ्रँकफुर्टात चाकरीस आहे. “काकाजी, रस्ता चुकले तर फोन करजा,” एवढे बजावून तो कचेरीस गेला. आणि ज्याची उभी हयात तहसिलीच्या नक्कल खात्यात, जीर्ण दस्तऐवजांच्या प्रती अस्सलाशी अक्षरशः ताडून त्यांवर शिक्का उठवण्यात गेली, असा मी, कोणाचीही घाई नाही आणि कोणाचाही हुकूम नाही अशा दुर्लभ अवस्थेत, रोमरबेर्ग नामक चौकात येऊन उभा राहिलो.

चौकाच्या एका अंगास 1405 पासून नगरसभेचे ठाणे असलेली रोमर ही वास्तू आणि समोर लाकडी चौकटींच्या, निमुळत्या माथ्यांच्या घरांची ओळ. त्या घरांच्या पुरातनत्वाने भारावून जाऊन मी मध्ययुगात बराच आत शिरलो होतो. इतक्यात असे कळले की मार्च 1944 च्या बॉम्बवर्षावात ही सारी ओळ भस्मसात झाली असून समोर दिसते ती 1981 ते 1984 या काळात उभी केलेली आहे. दुसरा एखादा प्रवासी येथे खट्टू झाला असता. मला मात्र हर्षाचे भरते आले. अस्सल जळाले, तरी जुन्या नकाशांवरून आणि छायाचित्रांवरून तुळई न् तुळई ताडून एवढी चोख नक्कल सिद्ध करणारे लोक आमच्या खात्यात निवृत्तीपूर्वी लाभते, तर तालुक्यातील निम्मे बांधांचे तंटे केव्हाच निकाली निघाले असते.

चौकाच्या मध्यभागी कारंज्यावर न्यायदेवता उभी आहे. तिच्या हाती तराजू आहे, तलवार आहे, परंतु डोळ्यांवर पट्टी नाही. कोर्टकचेरीशी आयुष्यभर संबंध आलेल्या मनुष्यास ही व्यवस्था शहाणपणाची वाटते. कारण पट्टी बांधलेल्या देवतेस पक्षकार दिसत नाही हे ठीक, पण भिंतीवरचे कॅलेंडरही दिसत नसल्यामुळे ती तारखांवर तारखा देत राहते.

येथवर सर्व सुरळीत होते. पुढे असे समजले की जवळच्या कॅथेड्रलमध्ये सम्राटास राज्याभिषेक झाला म्हणजे या कारंज्यातून द्राक्षासव वाहत असे आणि याच चौकात एक सबंध बैल भाजला जात असे! मी बैलांच्या गावचा मनुष्य. आमच्या सिंदीस पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यास तूप-हळद चोळतात, त्याला पुरणपोळी भरवतात, आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात चाकांवरचे लाकडी नंदी नटवून मुले घरोघर बोजारा मागत फिरतात. म्हणजे आदल्या दिवशी अस्सलाची पूजा आणि दुसऱ्या दिवशी नकलेची, असा आमचा शिरस्ता. येथील मंडळी नक्कल करण्यात एवढी वाकबगार असताना त्यांनी भाजण्यापुरता तरी लाकडी बैल वापरला असता, तर सम्राटाच्या अधिकारास काय बाध आला असता?

असाच एक राज्याभिषेक सोहळा 1764 साली एका चौदा वर्षांच्या स्थानिक मुलाने डोळे भरून पाहिला होता. त्याचे नाव योहान वोल्फगांग गटे, आणि त्याचे घर चौकापासून हाकेच्या अंतरावर. गटेने शाकुंतल वाचले व ते डोक्यावर घेऊन तो नाचला, ही वार्ता मराठी शाळेत न ऐकलेला मनुष्य विरळा. ज्या विदर्भात कालिदासाची मालविका जन्मली आणि त्याचाच यक्ष आमच्या रामटेकावर झुरला असे आम्ही मानतो, त्या विदर्भाचा प्रतिनिधी या नात्याने, तो नाच नेमका कोणत्या दालनात झाला याचा स्थळपंचनामा करणे मला क्रमप्राप्तच होते. मी दालने पाहिली, छतांची उंची अजमावली, ग्रंथ मस्तकी धरून गिरकी घेण्यास वाव कोठे आहे हे ताडले. निष्कर्ष प्रतिकूल निघाला. गटे 1775 सालीच वायमारला निघून गेला आणि शाकुंतलाचा जर्मन अवतार 1791 साली अवतरला. तेव्हा नाच झालाच असेल, तर तो या हद्दीत झालेला नाही.

शिवाय त्याच्या हाती पडले ते शाकुंतल तरी कोणते? विल्यम जोन्सने संस्कृतातून आधी लॅटिनमध्ये उतरवले, त्यावरून इंग्रजी केले, आणि गेओर्ग फोर्स्टरने इंग्रजीवरून जर्मन. म्हणजे नकलेची नक्कल, तिचीही नक्कल! आमच्या खात्यात असला कागद दाखल करून घेतला नसता. आणि त्या कागदावरून गटेस एवढा आनंद झाला की सूत्रधार-नटींच्या प्रवेशाचा कित्ता त्याने आपल्या ‘फाउस्ट’च्या आरंभी गिरवला. शिक्क्यावरचा माझा विश्वास त्या घरात थोडा डळमळला, हे नमूद करणे भाग आहे.

ते घरही 22 मार्च 1944 रोजी, म्हणजे गटेच्या पुण्यतिथीसच, जमीनदोस्त झाले आणि 1951 पर्यंत पुन्हा जसेच्या तसे उभे राहिले. चीजवस्तू मात्र आधीच अन्यत्र हलवलेल्या असल्यामुळे त्या अस्सल. त्यांतील एका ग्रहगतिदर्शक घड्याळात एक इवलेसे अस्वल आहे. किल्ली देण्याची वेळ झाली की ते उताणे पडते. चार भिंतींत दफ्तर सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी, काम थांबत आल्याची वर्दी स्वतः होऊन देणारा एवढा प्रामाणिक मुलाजिम मी दुसरा पाहिला नाही.

दिवस कलल्यावर 1869 साली खुला झालेल्या आणि युद्धात मोडून 1946 साली पुन्हा जोडलेल्या लोखंडी पादचारी पुलावरून, प्रेमिकांनी कठड्यास अडकवलेली कुलुपे न्याहाळत, मी माइन ओलांडून झाक्सेनहाउझेनला गेलो. तेथील गुत्त्यांत लांबलचक बाकांवर अनोळखी माणसे मांडीस मांडी लावून बसतात. सात हिरव्या पाल्यांची थंड चटणी, उकडलेली अंडी आणि बटाटे पुढ्यात आले. पाल्यांत आपल्या चुक्याची एक चुलत बहीण होती, तिने जिभेस लगेच ओळख दिली. पाठोपाठ निळ्या नक्षीच्या करड्या सुरईतून सफरचंदाचे आंबट आसव आले. पेल्यास एकमेकांस छेदणारे तिरपे कंगोरे होते. तुपकट बोटांतून तो निसटू नये म्हणून ही योजना आहे म्हणे.

मी गांधी-विनोबांच्या, दारूबंदी असलेल्या जिल्ह्याचा रहिवासी. त्यामुळे घटकाभर अधिकारक्षेत्राचा प्रश्न मनात घोळवला, आमच्या जिल्ह्याची हद्द माइनपर्यंत पोहोचत नसल्याची खात्री करून घेतली, आणि एक घोट घेतला. चव तुरट, उग्र, कोणाचीही भीड न ठेवणारी. दिवसभरात फ्रँकफुर्टात मी जे जे पाहिले, त्यांत ताडून पाहण्याची गरज न पडलेली अशी हीच एक चीज. आणि नेमकी तीच स्वगृही नेण्यास सक्त मनाई.